सावळीच्या पोटातलं गवत

"काकू, पदर सावरा, झाकण उघडतेय," नीरजा म्हणाली आणि मी जिवंत गाईच्या पोटात डोकावले. अगंबाई, काय सांगू! सावळीच्या डाव्या कुशीला डॉक्टरांनी मागेच भोक पाडून रबरी बूच बसवलेलं, आणि ती बया खुशाल रवंथ करत उभी. आत कोमट, हिरवट, बुडबुडणारा लगदा. शिसारी यायची ती राहिली बाजूला, मी आणखीच वाकून पाहिलं.

आमचे हे, रमाकांत, झाशीबाहेरच्या या प्रयोगाच्या गोठ्यात गाई सांभाळतात. घराणं लक्ष्मी गेटजवळच्या भिक्षुकांचं, पण यांच्या हातात पळी-पंचपात्राऐवजी घमेलं आलं आणि स्वारी त्यातच सुखी. आता निवृत्ती तोंडावर आलेली.

नीरजा रेल्वेतल्या मराठी माणसाची लेक, पीएचडी करते. मराठी समजतं सगळं, बोलताना मात्र हिंदीत घसरते. तिचा प्रयोग असा: वाळलेल्या गवतावर जगणाऱ्या गाईला थोडी सरकीची पेंड दिली, तर तेच गवत जास्त पचतं का? गाई चार, चौघींच्या कुशीला असंच बूच. दोघींना गवत आणि पेंड. सावळीला आणि तिच्या शेजारणीला नुसतं गवत. गवताचा चुरा जाळीच्या पिशव्यांत भरून त्या झाकणातून पोटात सोडायचा, मग पिशव्या काढून, धुऊन, वाळवून वजन करायचं. जितकं कमी उरलं, तितकं जास्त पचलं.

उन्हाळाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. जेवताना पानावर शेणाची वर्णनं! आधी मी वैतागायचे, मग मलाच चटक लागली. म्हणून तर आज निकाल म्हटल्यावर पेढ्यांचा पुडा घेऊन स्कूटरवर यांच्यामागे बसून आले.

नीरजाने वाळलेल्या पिशव्या एकेक करून काट्यावर ठेवल्या. आकडे मांडता मांडता तिचा चेहरा असा काही उजळला की मला आकड्यांतलं ओ की ठो कळत नसताना हसू फुटलं. पेंडवाल्या गाईंनी गवत भरपूर पचवलं होतं, नुसत्या गवतवाल्यांच्या पिशव्या मात्र जवळजवळ भरलेल्याच. जमीन-अस्मानाचा फरक. पोरीने मला मिठी मारून गरकन फिरवलं, शेणाच्या हातांसकट. हे तर डोळे पुसत होते, जणू घरात नातू झाला. मी पुडा फोडला.

"इतका फरक येईल असं मलाही वाटलं नव्हतं," नीरजा पेढा खात म्हणाली. "माहितेय काका, नुसत्या गवतावर इतकं कमी पचन सहसा दिसत नाही. गाईला गवताबरोबर खूप पोळी-गूळ घातला ना, तर होतं असं. पोटातले जंतू गोडाच्या मागे लागतात, गवत तसंच राहतं."

यांचा पेढा तोंडापाशीच थांबला.

मला यांचा रोजचा डबा आठवला. रोज पहाटे हे डबाभर पोळ्या आणि गुळाचा खडा घेऊन निघायचे. एवढ्या कुणाला, म्हणून मी करवादायचे. वाटेत एक गाय भेटते, गोग्रास घालतो, म्हणायचे. पलीकडच्या दोघी पेंड खातात आणि सावळी नुसती बघत राहते, हेही यांनीच सांगितलं होतं. वाटेतली गाय कोणती, ते आज उमगलं.

हे गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. पोरीचा प्रबंध झाला असता, यांची निवृत्ती मानाने पार पडली असती. मी डोळ्यांनी दटावलंसुद्धा. यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. पेढा पुड्यात परत ठेवला.

"नीरजाबेटा, तो फरक खरा नाही. त्या दोघींना मी रोज घरच्या पोळ्या आणि गूळ घालत होतो. भुकेल्या दिसायच्या गं. मला वाटलं, भलंच होईल."

नीरजा मटकन स्टुलावर बसली. एवढ्या आनंदावर विरजण पडलं. बराच वेळ ती रडत होती आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. "तुझ्या साहेबांना मी स्वतः सांगतो," हे म्हणाले. "प्रयोग पुन्हा होईल तेव्हा माझ्या जागी दुसरा माणूस घे."

तिने बाहीने नाक पुसलं. "नाही काका. तुम्हीच पाहिजे. दूसरा कोई चुकला तर सांगणार नाही. तुम्ही सांगितलं." मग तिची नजर पुन्हा काट्याकडे गेली आणि बघता बघता स्वर चढला. पेंडवाल्या दोघींना तर यांनी काही घातलं नव्हतं ना? मग त्यांचे आकडे खरेच! आणि पोळीने पचन इतकं घसरतं, हेही आता डोळ्यांनी दिसलं! ती कागद ओढून पुन्हा आकडे मांडायला लागली, मघापेक्षा दुप्पट उत्साहाने. मीही तिच्या खांद्यावरून डोकावले.

मान वर केली तर हे सावळीपाशी. तिने यांचा तळवा चाटून पाहिला, खिसा हुंगला, पुन्हा तळवा चाटला. हे रिकामे हात तिच्यापुढे धरून उभे होते. अखेर तिने मान फिरवली आणि वाळलेलं गवत तोंडात घेतलं.

तरी हे हलले नाहीत.