सातपर्यंत टिकणारी तार

आमच्या घराण्यात डॉक्टर व्हायच्या बेतात असलेली पहिली व्यक्ती माझी लेक, आणि तिचा पेशंट म्हणजे दोन चकत्यांमध्ये ताणला जाणारा चिकट द्रव. पाण्याची तार लगेच तुटते. या द्रवातले लांबलचक रेणू ती धरून ठेवतात. ती बारीक होत जाते, तिच्यावर मण्यांसारखे थेंब ओवले जातात, मग तुटते. किती वेळाने, यावर लेकीने पाच वर्षं घालवली. नातेवाईक तिच्या लग्नाचं विचारत, तेव्हा मी सांगे, ती तार तुटायची वाट बघतेय. पुढे कोणी विचारत नसे.

सोमवारी पीएच.डी.चे परीक्षक प्रयोग डोळ्यांनी बघणार होते. बुधवारी द्रावणाची बाटली फुटली. घाईत नवं केलं, तर शुक्रवारी तार निम्म्या वेळात तुटू लागली. प्रबंधात एक आकडा, यंत्रावर दुसरा. पाच वर्षं पाण्यात, तीही चिकट पाण्यात.

मी डबा घेऊन प्रयोगशाळेत गेलो तेव्हा माझी थोरली बहीणही आली. अठ्ठावीस वर्षं तिने डिंकाच्या कारखान्यात बाटल्या भरल्या. पुढची बाटली यायच्या आत तार तुटली नाही, तर डिंकाचं शेपूट लेबलावर चिकटतं, हे तिचं शास्त्र.

तिने थेट द्रावणात बोट बुडवलं.

"आत्या, हातमोजे!"

"हातमोज्यांना काय कळतंय?" अंगठा नि बोट लांब करत तिने मोजलं, "एक, दोन, तीन... गेली. कशाने घोटलंस गं हे?"

"यंत्राने. फुल स्पीडवर, दोन दिवस."

"मग आतले धागे तोडलेस की! आमचा नवा सुपरवायझर असाच घुसळायचा. डिंकाचं पाणी व्हायचं, आणि हा म्हणायचा, बघा कसा एकजीव झालाय!"

लेकीने कपाळावर हात मारला. "रेणू तुटले! अगं, हे मी दुसऱ्या प्रकरणात स्वतः लिहिलंय!"

"मग वाचायचं ना."

पुन्हा नवं द्रावण केलं, आणि या वेळी बाटली आडवी, संथ फिरत्या रुळांवर ठेवली. रविवारी मी दोनदा सुचवलं, वेग जरा वाढवू या का.

"तू गप्प बस," बहीण म्हणाली. "ही घाई तिने कुणाकडून घेतलीय, दिसतंय मला."

सोमवारी बहीण काचेबाहेरून पुटपुटत मोजत होती. पाच. सहा. मणी ओवले गेले. सात, आणि तुटली. प्रबंधातल्याच वेळेला.

परीक्षकांनी विचारलं, अडचणी काय आल्या? लेकीने काही लपवलं नाही. फुटलेली बाटली, घाई, आत्या.

"आत्या कुठल्या विद्यापीठात असतात?"

"डिंकाच्या कारखान्यात, सर. चौथी लाइन."

ते उठून बाहेर आले आणि म्हणाले, "बाई, मलाही दाखवा ना, बोटावर कसं ओळखता ते."

बहिणीने पदराला हात पुसले आणि परीक्षकांचंच बोट द्रवात बुडवलं. "हळू ओढा. घाई नको. मोजा."

ते शाळकरी पोरासारखे मोजू लागले. लेक माझ्याकडे बघून हसली. मी मात्र गंभीर होतो. सगळी तार मीच ओढल्यासारखा छाती काढून उभा होतो.