आल्डनची मतं

१९५२ साली व्हरमाँटमध्ये डेमोक्रॅट पक्षाला उमेदवारच मिळेना, तेव्हा माझा नवरा आल्डन राज्याच्या खजिनदारपदासाठी उभा राहिला. तो गुरांचा डॉक्टर. आमच्या गावात पणजोबांपासून सगळे रिपब्लिकन, माझं माहेरही त्यातलंच.

निकालाच्या सकाळी रेडिओ ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. राज्यभर तो सपाटून आपटला होता. समोरच्या पॅनकेकना त्याने हातही लावला नाही. "गावात तोंड कसं दाखवू?" म्हणाला.

तेवढ्यात मेरिट कोलबर्न दारात आला. गावातल्या रिपब्लिकनांचा तो म्होरक्या, मतमोजणीलाही तोच बसलेला.

"आल्डन, आपल्या गावात तू जिंकलास बाबा."

"सकाळी सकाळी थट्टा करतोस होय रे?"

"शप्पथ! मलाच खरं वाटेना, म्हणून पुन्हा मोजायला लावली."

"म्हणजे तूसुद्धा मला मत दिलंस?"

मेरिटने लाजून टोपी काढली. "तू निवडून येत नाहीस याची खात्री होती, म्हणून दिलं. तू राजधानीला गेलास तर आमच्या अडलेल्या गाई कोण बघणार? पण आपल्याच गावात तुझी फजिती व्हावी, हेही बघवेना."

आल्डन माझ्याकडे वळला. "आणि तू गं?"

"दिलं की. पण माझ्या आईला सांगू नकोस."

तो इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं.

दोन वर्षांनी तो पुन्हा उभा राहिला आणि पुन्हा राज्यभर आपटला. प्रचाराला मात्र मेरिटची गाडी होती.