रिकाम्या गाडीचं अ‍ॅव्हरेज

मामाच्या डिझेल पिकअपचा इंधनाचा काटा सहा वर्षांपूर्वी मेला, आणि तो दुरुस्त करायचं मामानं कधी मनावरच घेतलं नाही. "काटा कशाला हवाय? अ‍ॅव्हरेज तोंडपाठ आहे," म्हणायचा. रिकामी गाडी लिटरला चौदा, मागे ट्रेलर जोडला की आठ. हे तो चहाच्या टपरीवर सांगे, पंपावर सांगे, दवाखान्यात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगे. त्यामुळे त्याचं नावच पडलं अ‍ॅव्हरेजमामा. त्यातून टाकीची एक खोड होती, अर्ध्याच्या वर भरली की सांध्यातून गळायची. म्हणून मामा लागेल तेवढंच डिझेल मोजून घालायचा, वर दोन लिटर राखीव.

आणि अशा माणसाच्या पोटी पोर कसली यावी? ग्लायडर उडवणारी! बिनइंजिनाचं विमान. यंत्रावरच्या दोरीनं वर ओढून सोडलं की जमिनीवरून चढणारी गरम हवा शोधायची, तिच्यात गोल गोल फिरत उंची गाठायची, मग पुढे घसरत जायचं. हवा नाही सापडली तर दिसेल त्या शेतात उतरायचं. मग खालच्या माणसानं ट्रेलर नेऊन पंख सुटे करून सगळं घरी आणायचं. उड्डाणाच्या मैदानावरचा रिवाज मात्र कडक. उडणारा खरोखर खाली उतरल्याशिवाय ट्रेलर गाडीला जोडायचा नाही. आधीच जोडणं म्हणजे 'तू काही पोचत नाहीस' असं तोंडावर सांगणं.

त्या दिवशी लेकीला एकशे दहा किलोमीटरवरची सिमेंट कारखान्याची चिमणी गाठून मैदानावर परत यायचं होतं. जमलं तर यापुढे दर वेळी परवानगी न काढता एकटीनं लांब उडायची मोकळीक. आधी दोनदा ती अर्ध्यावर उतरली होती. दुसऱ्या वेळी काटेरी माळावर, आणि मामाला तिथे पोचायला पाच तास लागले होते. पोचला तेव्हा ती पंखाच्या सावलीत झोपलेली होती, ओठ सुकलेले. ते ओठ मामाच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. शिकवणाऱ्या सरांनी सांगून टाकलं होतं, तिसऱ्यांदा नाही जमलं तर नाद सोड.

"बाबा, खालून रिकामी गाडी आण. नुसती सोबत," ती म्हणाली. "ट्रेलर नाही. शब्द दे."

"दिला."

जाऊन-येऊन दोनशे वीस, भागिले चौदा, सोळा लिटर, वर दोन. मामानं सकाळीच अठरा लिटर घातलं होतं.

ग्लायडर वर गेलं, दोरी सुटली, आणि मामा ट्रेलरपाशी उभा राहिला. आता मामा काही खोटारडा नव्हता हो! पण बापाचं काळीज, ते कुणाचं ऐकतं? दोन मिनिटांत ट्रेलर हुकात बसला. डिझेल चौदाच्या हिशेबानं घातलंय, हे त्या भरात डोक्यातच आलं नाही. आयुष्यभर लोकांना ऐकवलेला आकडा, आणि नेमक्या वेळी गडी विसरला.

मग तो रस्ता. दोन्हीकडे कापणी झालेली पिवळी शेतं, मधे कुठे पत्र्याची शेड, कुठे पाण्याची टाकी. वर बोटभर पांढरं काहीतरी आवाज न करता फिरत होतं. ते चढलं की मामाचा श्वास वर जाई, घसरलं की मान खिडकीबाहेर जाई. हळूहळू इंजिनाची घरघरही त्याला ऐकू येईनाशी झाली. आपण गाडी चालवतोय की वरचं कुणी आपल्याला दोरीनं अलगद नेतंय, हेच कळेना. चिमणी आली कधी, वळलो कधी, पत्ता नाही. बिनतारी रेडिओवर लेकीचं "आले बाबा, वळले!" ऐकून तो एकटाच हसला.

परतीच्या वाटेवर इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

"बाबा, का थांबलास?" रेडिओ बोलला. आवाज जवळचा वाटत होता. ती बरीच खाली आली होती.

"डिझेल संपलं."

"किती किलोमीटर झाले?"

"एकशे चव्वेचाळीस."

"आणि घातलं होतंस अठरा." मग ती सावकाश म्हणाली, "अठरा आठे एकशे चव्वेचाळीस."

लहानपणी पाढे मामानंच घोकून घेतले होते. आता बोंबला!

"भीती वाटली गं," तो म्हणाला. "त्या माळावरची तू आठवलीस. चुकलो."

तेवढ्यात मैदानावरून सरांचा आवाज आला, "उंची फार कमी आहे. ट्रेलर खालीच आहे ना? मग उतर तिथेच. संपव आता."

लेकीनं एक वळण घेतलं, खालच्या सपाट शेताकडे. मामाला कळलं, ट्रेलर दिसतोय म्हणूनच ती उतरणार. तो धावला. साखळी काढली, खिट्टी ओढली आणि सगळं अंग लावून ट्रेलर दहा पावलं मागे ढकलला. चाकाखाली दगड लावला. वरून दिसेल एवढी फट पडली.

"बघ," तो धापा टाकत रेडिओवर म्हणाला, "सोडलाय. उतरायचं नाही. उजवीकडे पत्र्याची शेड आहे, तिच्यावर दोन घारी फिरताहेत. पंख हलवत नाहीत, नुसत्या चढताहेत. जा तिकडे."

पांढरा पंख कलला. शेडवर पोचेपर्यंत तो झाडांच्या शेंड्यांहून जेमतेम वर होता. मामानं डोळे मिटले. उघडले तेव्हा तीन गोल फिरत होते, दोन छोटे आणि एक मोठा, आणि तिन्ही वर वर चालले होते. मोठा एकदाचा मैदानाच्या दिशेला लागला आणि दिसेनासा झाला. मामा पिकअपच्या सावलीत बसला. त्याच्या स्वतःच्या ओठांना कोरड पडली होती.

उन्हं कलली तेव्हा सरांची मोटार आली. मैदानावर पोचलेली लेक तीतून उतरली, हातात कॅन. सरळ टाकीपाशी जाऊन तिनं डिझेल ओतलं. मामानं हातपंप मारमारून पाइपात शिरलेली हवा काढली. गाडी सुरू झाली.

"किती आणलंस?" त्यानं चाचरत विचारलं.

"दहा."

राहिलेले शहात्तर किलोमीटर. रिकाम्या गाडीला सहा पुरले असते. मामानं मनात भागाकार केला आणि मान खाली घातली.

लेकीनं चाकाखालचा दगड पायानं बाजूला सारला आणि ट्रेलरचा दांडा उचलून धरला.

"आता जोड, बाबा," ती म्हणाली. "मी उतरलेय."