कारभाऱ्याच्या नोंदीतलं शून्य

मित्रांनो, मी एक जुना स्पीड कंट्रोलर आहे. नाव ऐकून तुम्हाला फारसा बोध झाला नसेल, पण त्यात तुमची काही चूक नाही. मी दिसतच नाही. रिमोटवर उडणाऱ्या विजेच्या हेलिकॉप्टरकडे सगळे बघतात ते त्याच्या गरगरणाऱ्या पात्यांसाठी. त्याच्या पोटात पट्ट्यांनी आवळून बसवलेल्या, साबणाच्या वडीएवढ्या माझ्याकडे कोण कशाला बघेल? बॅटरीकडून वीज घ्यायची आणि मोटरला मोजूनमापून द्यायची, हे माझं काम. म्हणून आमच्या घरच्या आईंनी मला 'कारभारी' असं नाव ठेवलं. "या घरात कारभारी एकच, आणि तो त्या हेलिकॉप्टरच्या पोटात बसलाय," असं त्या नवऱ्याच्या कानावर जाईल अशा बेताने म्हणत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईंनी माझ्या जाड तांबड्या-काळ्या तारांना कथलाचा डाग देऊन त्या जोडल्या, तारा ओढून बघितल्या आणि मला पुढे सरकवलं. पाठीवर कंगव्याच्या दातांसारख्या धातूच्या पट्ट्या बसल्या, अंगातली उष्णता बाहेर टाकायला. मग खोक्यातला अंधार, दुकानातलं फडताळ, आणि एके दिवशी मी चष्मेवाल्यांच्या घरी आलो.

त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. काच थोडी घासायची, उजेडात धरून बघायची, मग पुन्हा थोडी घासायची, अशी त्यांच्या हाताला सवय. माझ्या बाबतीतही त्यांनी तोच शिरस्ता ठेवला. एका वेळी एकच सेटिंग बदलायचं, एकदा उडवायचं, खाली उतरवून माझ्या पाठीला बोट लावून बघायचं आणि मग पुढचा विचार करायचा. हेलिकॉप्टर वर झेपावलं की पात्यांवर भार येतो आणि त्यांचा वेग पडू पाहतो. तो सावरायचं काम माझं. उशिरा सावरला तर हेलिकॉप्टर जड होतं, फार घाईने सावरला तर त्याची शेपटी डुलायला लागते. तरुणपणी मी भलताच उतावळा होतो, सारखी शेपटी डुलायची. चष्मेवाले न कंटाळता माझा उतावळेपणा थोडा थोडा कमी करत गेले. एका सकाळी हेलिकॉप्टर पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर असं स्थिर उभं राहिलं, की ते नुसतं "आता बसलं" म्हणाले आणि बराच वेळ हसत राहिले. इतकं साधं कौतुक, पण मी ते अजून विसरलो नाही.

माझ्याकडे आणखी एक काम होतं. उडत असताना बॅटरीचं व्होल्टेज, वाहणारी वीज, मोटरचे फेरे आणि माझं तापमान हे सगळं मी नोंदून ठेवायचो. घरी आल्यावर ते मला लॅपटॉपला जोडायचे आणि पडद्यावर रंगीत रेषा उमटायच्या. लेकीला शेजारी बसवून ते एकेक रेष समजावून सांगत. लेकीचा जीव दुसरीकडे असला तरी ती ऐकून घ्यायची. ती एका हॉस्पिटलात डायलिसिसची यंत्रं सांभाळते. तिला म्हणायचे, "तुझी यंत्रं आणि माझं यंत्र, दोन्ही एका जातीची. डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं."

मग चष्मेवाल्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. पाय लवकर सुधारला, उजवा हात मात्र मागे राहिला. दुकानात दुसरा माणूस बसू लागला. हेलिकॉप्टर कपाटाच्या माथ्यावर गेलं आणि त्यावर जुनी चादर आली. मित्रांनो, अडगळीत पडण्याचं दुःख धुळीचं नसतं. खाली खोलीत आपला माणूस मऊ चेंडू दाबत बसलाय, दाबता दाबता थांबतोय, हे ऐकू येतं आणि आपल्याला काही करता येत नाही, त्याचं असतं.

एक दिवस चष्मेवाले कपाटाकडे बघत म्हणाले, "एकदा उडवून बघू का?"

लेक स्वयंपाकघरात जाऊन आईशी बोलली. माझ्या कानावर आलं ते असं: "आई, हेलिकॉप्टर पडलं ना, तर बाबा पुन्हा हातात काही घेणार नाहीत. चेंडूसुद्धा नाही."

"मग नको म्हण."

"नको म्हटलं तरी तेच होईल."

शेवटी तिने एक मधला मार्ग काढला. बाबांना हो म्हणाली आणि त्यांच्या हाताला झेपावं म्हणून माझी सेटिंग्ज स्वतः बदलायला बसली. पात्यांचा वेग उतरवला, सुरुवात संथ केली. इथवर ठीक होतं. पण तिचं पोरीचं काळीज. तिने आणखी एक गोष्ट केली. बॅटरी जरा उतरली की मोटर ताबडतोब बंद, असा मला हुकूम देऊन ठेवला. तिच्या हॉस्पिटलात तसंच असतं. कुठे काही बिघडलं की यंत्र थांबतं, आणि थांबलं की माणूस सुरक्षित. हवेत नेमकं उलट असतं, हे त्या क्षणी तिच्या लक्षात आलं नाही.

"काय काय बदललंस?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"थोडं सौम्य केलंय, बाबा."

एरवी त्यांनी स्वतः तपासल्याशिवाय पाऊल उचललं नसतं. पण त्या दिवशी ते इतके खूश होते, की टोपी शोधायला गेले.

मैदानावर आई लांब बाकावर बसल्या. पाती फिरू लागली, हेलिकॉप्टर उचललं आणि कमरेच्या उंचीवर थांबलं. उजव्या हाताची थरथर मला कळत होती, कारण पाती कलवणाऱ्या छोट्या मोटरांना वीज मीच पुरवतो. हात चुकत होता आणि सावरत होता. हळूहळू चुकणं कमी झालं. मग त्यांना राहवलं नाही. त्यांनी हेलिकॉप्टर झाडांच्या शेंड्यापलीकडे चढवलं.

बॅटरीही माझ्याबरोबर इतके महिने वर पडून राहिली होती. ती म्हातारी झाली होती. चढ चढताना तिला दम लागला, व्होल्टेज झपकन खाली आलं, आणि मला दिलेल्या हुकमाप्रमाणे मी मोटर बंद केली.

एकदम शांतता झाली. लेकीच्या तोंडून नुसतं "बाबा" एवढंच निघालं.

अशा वेळी विचाराला सवड नसते. डाव्या हाताने रिमोटवरची छोटी काठी खाली खेचून पात्यांचा कल उतरवायचा, म्हणजे खालून येणाऱ्या वाऱ्यावर ती फिरत राहतात. त्याच वेळी उजव्या हाताने हेलिकॉप्टर सपाट धरायचं. जमीन जवळ आली, की नाक किंचित उचलायचं, पुन्हा सपाट करायचं आणि उरलेल्या फेऱ्यांवर अलगद टेकवायचं. यातलं काहीही क्षणभर मागेपुढे झालं की सगळा चुराडा. मोटर माझ्या हातून सुटली होती, पण त्या छोट्या मोटरांमधून उजवा हात मला अजून कळत होता. तो थरथरत नव्हता.

हेलिकॉप्टर गवतावर टेकलं. खालचा एक पाय थोडा वाकला, बाकी सगळं शाबूत राहिलं.

घरी आल्यावर लेक रडायलाच लागली. "माझंच चुकलं. आता पुरे. हे वर ठेवून देऊ," म्हणाली. चष्मेवाले मला लॅपटॉपला जोडू लागले. वायर खाचेत बसवायला त्यांना दोनदा प्रयत्न करावे लागले. लेक मदतीला पुढे झाली आणि आईंनी तिला हाताने थांबवलं.

रेषा उमटल्या. व्होल्टेजची रेष कुठे पडली ते लेकीने लगेच ओळखलं. तिथून पुढे मोटरच्या फेऱ्यांची रेष पार तळाला गेली होती. शून्य.

"इथून पुढे काहीच नाही, बाबा."

"कसं असेल? तो मोटरचे फेरे मोजतो. मोटर बंद होती." त्यांनी उजव्या हाताचं बोट त्या रिकाम्या जागेवर ठेवलं. "एवढा वेळ मी उडवत होतो."

लेक त्या बोटाकडे बघत राहिली. मग डोळे पुसून तिने खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "बाबा, हे सेटिंग तुम्हाला कसं हवंय?" मला आठवतं, झटक्यानंतर त्यांना कसं हवंय हे त्या घरात कुणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं.

नवी बॅटरी आली. आता ती उतरली तर मी मोटर एकदम बंद करत नाही, जोर थोडा थोडा कमी करून वेळेवर सांगतो. आता मीही थकलोय, पाठीच्या दोन पट्ट्या वाकल्यात. पण दर सुट्टीला मैदानावर जातो.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाचा हात थरथरत असेल. त्याची काळजी जरूर घ्या, पण त्याच्या हातातली वस्तू काढून घेण्याआधी एकदा त्याला विचारा. त्याला किती जमतं ते माझ्यासारख्या यंत्राला सांगता येत नाही. जन्मभर मी इमानाने नोंदी ठेवल्या, आणि मी पाहिलेलं सगळ्यांत सुंदर उड्डाण माझ्या नोंदीत शून्य आहे.