दोनशे बाराचे बूट

"तुमचे पणजोबा मेलेच नाहीत, बाई," खाणीच्या दप्तरातला कारकून म्हणाला आणि बक्षीस वाटत असल्यासारखा हसला. "हा हजेरीपट बघा. कामगार दोनशे बारा. एकतीस वर्षांत एक खाडा नाही."

आजीसाठी इथवर आलेल्या नातीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ तास विमानात अंग आंबवून ती हे ऐकायला आली नव्हती. तिची आजी नव्वदीला टेकली होती. आजीचा बाप इथे कामाला आला, तिसऱ्या वर्षी दोनशे बारा हा कामगार नंबर घातलेली त्याची पत्रं थांबली आणि भावकीनं धोशा लावला, तिकडे दुसरं घर थाटलं असेल. आजीनं जन्मभर ते ऐकून घेतलं. डोळे मिटायच्या आधी तिला एकच कागद हवा होता, बाप पळाला नव्हता एवढं सांगणारा. आणि हा शहाणा पळपुट्याचं प्रशस्तिपत्र हातात ठेवत होता.

"कामगारांना दिलेल्या बुटांची वही काढा," ती म्हणाली. बूट शिवण्यात तिची वीस वर्षं गेली होती. तोंड खोटं बोलतं, पाय बोलत नाहीत.

वही आली. तिसरं वर्ष. सोमवारी दोनशे बाराला नवे बूट, दहा नंबर. बरोबरच होतं, या घराण्याचे पाय म्हणजे होड्या. आजीला अजून पुरुषांच्या चपला घ्याव्या लागतात. खाली, गुरुवारी: 'दोनशे बाराची तक्रार. बूट फार मोठे. सात नंबर हवे.'

"तीन दिवसांत पाय आटले का हो याचे?"

कारकून चष्मा पुसत बसला. "तेव्हा तशी पद्धत होती. माणूस गेला की नंबर पुढच्याला द्यायचा. नंबर चालू असला की घरी कळवायची भानगड नाही."

"बुटांसकट दिला. नोकरी सोडणारा अनवाणी जात नाही. लिहा, सोमवार ते गुरुवारच्या मधे कामावर असताना मेला."

त्यानं 'बहुधा' लिहिलं. तिनं पेन हिसकावून तो शब्द खोडला आणि वर शिक्का मारून घेतला.

दारातूनच तिनं आजीला फोन लावला. आजी बराच वेळ नुसती रडली. मग म्हणाली, "आणि त्या सात नंबरवाल्याच्या घरी कुणी कळवलं का गं?"

नात परत फिरली. कारकून वह्या आवरत होता. तिनं पिशवी त्याच्या टेबलावर आपटली.

"बुटांची वही राहू द्या उघडी. दोनशे बाराच्या बुटांचं माप सातावरून कधी बदललं ते शोधा."