पाठमोरा

“चौऱ्याऐंशी,” रंगुबाईंच्या मनगटावरचं घड्याळ बोललं. त्यांनी बोट सरकवलं. “पंच्याऐंशी.”

“सकाळधरनं ह्येच चाललंय,” त्या म्हणाल्या. “दुधाची किटली धुताना हात लागला आन् माझा कल्याण गेला त्यातनं. शोधून दे, पोरी.”

सुकन्याने त्यांना खुर्ची दिली. सावेडीतल्या या ऑफिसात स्मार्टवॉचसाठी हलत्या चित्रांच्या तबकड्या बनत. चित्रं कल्याण काढायचा आणि लोकांना हवी ती सापडावी म्हणून त्यांना नावं सुकन्या द्यायची. ‘नाचरा मोर’, ‘उतू जाणारा चहा’. जे दिसतं तेच लिहायचं आणि माणसाचं नाव घालायचं नाही, हा पंकजामॅडमचा नियम. सुकन्या तो डोळ्यांत तेल घालून पाळी. सगळे तिला बारशाची आत्या म्हणून चिडवत आणि चिडवण्यात कल्याण सर्वांत पुढे असे.

दोन महिन्यांपूर्वी हिवरे बाजारहून मोटारसायकलवर कामाला येताना तो ट्रकखाली गेला. त्याची शेवटची तीसेक चित्रं अजून बिननावाची होती. ती उघडायला सुकन्याचा हात धजत नव्हता. एखाद्या चित्राच्या कोपऱ्यात तो अजून बसलेला असेल, असं तिला उगाच वाटे. आईला वाचता येत नाही म्हणून हे घड्याळ त्यानेच बोलतं करून दिलं होतं. पण ज्या चित्राला नाव नाही, त्याचा ते नुसता आकडा सांगे.

आज मात्र उघडावीच लागली. एकेक चित्र पुढे सरकत गेलं आणि सत्त्याण्णवव्याला रंगुबाईंनी तिचा हात धरला.

बांधावरून एक माणूस पाठमोरा चालला होता. खांद्याला पिशवी, डावा पाय किंचित ओढत. पायाखालचा बांध मागे सरकत होता आणि माणूस तिथल्या तिथेच होता. ही चाल सुकन्याने चार वर्षं ऑफिसच्या जिन्यात पाहिली होती.

“हेच लावून देते घड्याळावर,” ती म्हणाली.

“आन् उद्या परत हात लागला मंजी? नाव दे त्याला.”

“मावशी, ‘पाठमोरा वाटसरू’ देऊ?”

रंगुबाईंनी चित्रातल्या पिशवीवर बोट ठेवलं.

“त्या दिशी डबा इसरला हुता त्यो,” त्या म्हणाल्या. “मी डबा घिऊन दारात आले, तर गाडी समोरच्या बाभळीपाशीच हुती. हाक मारली आसती तर थांबला आसता. पर जानाऱ्याला मागनं हाक मारू नये म्हनत्यात. म्हनून गप ऱ्हायले. दोन मिनटं थांबला आसता, तर त्यो टरक पुढं निगून गेला आसता.”

सुकन्याने नावाच्या चौकटीत ‘कल्याण’ असं लिहिलं. मॅडमना काय म्हणायचं ते म्हणोत. पाचेक मिनिटांत ते नाव घड्याळात उतरलं.

रंगुबाईंनी काचेवर बोट दाबून धरलं.

“कल्याण,” घड्याळातली बाई कोरड्या आवाजात म्हणाली.

त्यांनी पुन्हा दाबलं. “कल्याण.”

सुकन्याही वाकून बघत होती. या माणसाला चेहरा काढलेलाच नाही, चित्र कितीही वेळ चाललं तरी तो वळत नाही, हे तिने आत्ताच तपासलं होतं. तरी ती बघत होती.

रंगुबाईंनी पदराने काच पुसली. मग मनगट तोंडाजवळ नेलं आणि दारात उभं राहून मारावी तशी हाक मारली, “कल्याणा, डबा ऱ्हायला रं.”

बांधावरचा माणूस चालत राहिला.