कोपऱ्यातली तीस जून

मित्रांनो, आता मला बोट लावलंत तर ते खडूने पांढरं होणार नाही, धुराने काळं होईल. मी एक जुना फळा आहे. काबालेच्या डोंगरातल्या मुलींच्या शाळेत, स्वयंपाकघराच्या मागे, जळणाची लाकडं भिजू नयेत म्हणून मला त्यांच्यावर आडवं टाकलेलं आहे. पलीकडे घेवड्याचं मोठं पातेलं दिवसभर रटरटत असतं. माझी तक्रार नाही. माझ्या हातून जे झालं, त्यानंतर याहून बरी जागा मला मिळायला नको होती.

निलगिरीच्या पाच फळ्या जोडून एका सुताराने मला केलं, पण मला काळं केलं ते मुलींनी. टॉर्चचे संपलेले सेल फोडायचे, आतला काळा गाभा कुटायचा, रताळ्याच्या पाल्याच्या रसात कालवायचा आणि फडक्याने माझ्या अंगाला चोळायचा. दर सत्राच्या सुरुवातीला मला असं नवं अंग मिळत असे. मुलींचे हात कोपरापर्यंत काळे होत, मग एखादीच्या नाकाला बोट लागे आणि सगळा वर्ग हसून लोळे. मला तो दिवस सणासारखा वाटे.

मी शाळेतल्या सर्वांत वरच्या वर्गाचा फळा. माझ्यावर नद्या वाहिल्या, राजांच्या लढाया झाल्या, पण मी खरा खूश असे तो बायरुगाबा सरांच्या गणिताच्या तासाला. सर लठ्ठ होते आणि त्यांना दमा होता. चार पायऱ्या चढले तरी त्यांना धाप लागे, पण हातात खडू आला की दमा पळून जाई. ते मला कधी थापटत नसत, हळूच पुसत. मुली म्हणत, "सर बायकोपेक्षा फळ्याला जास्त जपतात." सर म्हणत, "बायको उलट बोलते. हा बोलत नाही." तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा.

आमच्या शाळेत एक रीत होती. फळ्याच्या कोपऱ्यात चौकट आखून 'पुसू नये' लिहिलं, की त्या चौकटीला कुणी हात लावायचा नाही. लावला तर आठवडाभर मैदानातलं गवत कापायचं. एका वर्षी सरांनी अशी चौकट माझ्या उजव्या कोपऱ्यात आखली. वर लिहिलं, 'गणिताची पदवी कुठे?' खाली तीन विद्यापीठं आणि प्रत्येकाला किती गुण लागतात ते. पहिलं राजधानीतलं, नुसतं निखळ गणित शिकवणारं. दुसरं जवळचं म्बराराचं, तिसरं आणखी एक. सर्वांत खाली लिहिलं, 'अर्ज शाळेत द्यायची शेवटची तारीख, ३० जून.' साल लिहिलं नाही. सर साल लिहीतच नसत.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर गेले. दफनाहून परत आलेल्या मुली माझ्यासमोर बसून रडल्या. नंतर किती तास झाले, किती वेळा मी पुसला गेलो, पण त्या चौकटीला कुणी फडकं लावलं नाही.

पुढच्या फेब्रुवारीत निन्सीमाचा वर्ग माझ्यासमोर आला. सरांची ही सर्वांत लाडकी विद्यार्थिनी. हाडकुळी, मान वाकडी करून बघणारी. ती खालच्या वर्गात असताना सर तिला एक गणित घालत आणि ती त्याची दोन उत्तरं आणत असे. मला काळं करायचा दिवस आला, तेव्हा रंगाचं भांडं तिच्याच हातात होतं. तिची मैत्रीण प्रॉस्कोव्हिया फडकं घेऊन उजवीकडे वळली, तशी ती ओरडली, "ए प्रॉसी, तो कोपरा सोड! सरांच्या हातचं आहे."

"अगं, किती घाण दिसेल ते. अंगभर नवा झगा आणि खांद्यावर ठिगळ!"

"दिसू दे."

आणि तिने स्वतः बोटाने, रेघ न मोडता, त्या चौकटीच्या कडेने रंग लावला. इतक्या मायेने मला कुणी कधी रंगवलं नव्हतं.

मित्रांनो, आमच्याकडे त्या काळी विद्यापीठाचा अर्ज परीक्षेच्या आधीच भरावा लागे. शाळा सगळ्या मुलींचे अर्ज एकत्र बांधून पाठवत असे. सरकारी जागा मिळायची ती त्याच अर्जावर, आणि तीही त्याच वर्षी. नाहीतर पदरचे पैसे भरून शिका, आणि पदर कुणाचा एवढा मोठा असतो? निन्सीमाला राजधानीतलं गणित हवं होतं. पण अर्जावर घरच्या मोठ्यांची सही लागे, आणि वडील नसल्यामुळे ती सही काकाची होती. काकाला ती म्बराराला जाऊन शिक्षिका व्हायला हवी होती.

जूनच्या सुरुवातीला आई आजारी असल्याचा निरोप आला. निन्सीमाने दप्तर आवरलं. प्रॉस्कोव्हिया म्हणाली, "अर्ज देऊन तरी जा."

"सहीशिवाय? आता घरी जातेच आहे, तर काकाशी भांडून घेते. तीस तारखेपर्यंत वेळ आहे की." तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"ही मागच्या वर्षीची तारीख नाही ना गं?"

"दरवर्षी तीच असते. आणि सर कधी चुकलेत का?"

सर चुकले नव्हते. पण त्या वर्षी तारीखच अलीकडे आली होती, पंधरा जून. सोमवारच्या प्रार्थनेला ते सांगितलं गेलं, कार्यालयाबाहेर कागदही लागला. निन्सीमा तेव्हा डोंगरापलीकडे आईला ज्वारीची आंबील पाजत होती. निरोप द्यायला तिकडे फोन नव्हता. प्रॉस्कोव्हियाला वाटलं, आज येईल, उद्या येईल.

अठरा तारखेला ती आली. धावतच वर्गात शिरली, चपलांना लाल चिखल.

"प्रॉसी, काकाने सही केली! आधी काय म्हणाला माहीत आहे? 'नुसतं गणित शिकून काय करणार, आकडे उकडून खाणार?' मी म्हटलं, 'मीठ लावून खाईन.' आई अंथरुणातून हसली गं! मग त्यालाही हसू आलं, आणि केली सही. पहिली पसंती राजधानी! बघ!"

प्रॉस्कोव्हिया बघेना. तिने तोंडावर हात ठेवला होता.

कमुगिशा मॅडम आल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका त्या, करड्या आवाजाच्या. पण त्या दिवशी हळू बोलल्या. "पोरी, गठ्ठा शनिवारच्या बसने गेला. काल तुझ्यासाठी फोन करून पाहिला. आता घेत नाहीत."

"पण मॅडम, तीस तारीख…" तिने माझ्याकडे पाहिलं.

"ती मागच्या वर्षीची, बाळ." मॅडम माझ्याजवळ आल्या. "दोनदा डस्टर घेऊन आले होते मी. मलाही पुसवलं नाही. पण रंग देताना तरी जायला हवं होतं हे! कुणी ठेवलं?"



"मी ठेवलं," निन्सीमा म्हणाली.

ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने अर्जाची घडी घातली, ती नीट दाबली आणि वहीत ठेवली.

त्यानंतरही तो कोपरा पुसायला किंवा रंगवायला कुणी धजावलं नाही. परीक्षेत गणितात ती शाळेत पहिली आली. पण तिला जागा कुठली मिळणार? एक सत्र तिने इथेच लहान मुलींना बेरजा-वजाबाक्या शिकवल्या. मग आई गेली आणि ती धाकट्या भावंडांसाठी गावी परतली. जाण्यापूर्वी रिकाम्या वर्गात आली, ओलं फडकं घेऊन. तिने तो कोपरा घासला, खूप वेळ घासला. खडू निघाला. पण दोन वर्षं रंग न मिळालेल्या लाकडात अक्षरं मुरली होती, ती गेली नाहीत. तिने फडकं पिळून खिडकीत वाळत घातलं आणि निघून गेली. ती पुन्हा आली नाही. राजधानीतल्या त्या विद्यापीठात दरवर्षी कुणीतरी गणित शिकायला बसत असेल. ती बसली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी मात्र हात जोडून उलटं मागणं मागतो. मला हात नाहीत, हेच तर माझं दुःख आहे. असते, तर त्या फेब्रुवारीत मीच स्वतःला पुसून टाकलं असतं. माणूस लाडकं असेल तर त्याला मनात ठेवा, पण त्याच्या हातची शिळी तारीख भिंतीवर ठेवू नका. फळ्याला खरं-खोटं कळत नाही. त्याच्यावर जे राहील, तेच तो दाखवत राहतो.

सकाळी लाकडं काढायला मला उचलतात, तेव्हा उजेडात माझा उजवा कोपरा दिसतो. ३० जून, अजून वाचता येतं. येता-जाता कुणीतरी एकदा थांबा, आणि सेलचा काळा गाभा कुटून तेवढा कोपरा काळा करा.